कोरडं अर्थिंग

त्यांच्यापुढं माणसाला साधं "पोट दुखतंय" म्हणायचीही चोरी होती. आमच्या साखर कारखान्यातला एक शिपाई एकदा पोट धरून त्यांच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, लई दुखायलंय, घरी जाऊ का?" ह्या गृहस्थानं मानसुद्धा वर केली नाही. विचारलं, "कुठवर?"

"म्हंजी?"

"दुखणं कुठवर आलंय? बेंबीच्या वर का खाली? जेवायच्या आधी होतं का मागनं आलं? काय झालंय ते तू सांगू नको, ते मी ठरवीन. तुला काय कळालं तेवढंच सांग."

शिपाई तसाच पोट धरून वजनकाट्यावर माझ्याकडं आला आणि म्हणाला, "ह्याच्यापरीस दुखलेलं बरं की ओ."

त्या दिवसापासून त्यांचं नाव कुठवरसाहेब पडलं. खरं नाव होतं, चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. मीही ते इथं लिहीत नाही. कारखान्याचंही नाव घेत नाही. घेऊन आता कुणाचं भलं होणार आहे?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. जिल्ह्यात पाऊस नव्हता, आणि आमच्या कारखान्यात संगणक आला होता. चेअरमननं कुठल्यातरी दौऱ्यात दुसऱ्या कारखान्यात तो बघितला, आणि त्याच्याकडं आहे तर आपल्याकडं का नाही, ह्या एवढ्या विचारानं तो मागवला. एक मोठं खोकं आणि तीन पडदे. एक पडदा वजनकाट्यावर, एक शेतकी खात्यात, एक हिशेबाच्या खोलीत. तिघांनी एकाच मशीनवर एकदम काम करायचं तर त्याला युनिक्स नावाची प्रणाली लागते, दुसरं काही चालत नाही, असं कुठवरसाहेबांचं म्हणणं होतं. आम्ही मान डोलावली. युनिक्स हे पोत्यातून येतं का बाटलीतून, तेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

साहेब मूळचे मुरुम गावच्या बाजूचे. शिकून मोठ्या शहरात नोकरी केली होती, तिथं वरिष्ठांशी भांडून परत आले होते. भांडण कशावरून झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण मला अंदाज आहे. समोरच्याला "तुम्ही चूक बोलताय" हे सांगताना आवाज थोडा खाली घ्यावा, ही गोष्ट त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. मला थोडं टायपिंग येत होतं, म्हणून काट्यावरून उचलून मला त्यांच्या हाताखाली दिलं. देताना हेडक्लार्क म्हणाला, "जा, तुमच्या लोकांना आता सवलतीत मशीन बी मिळालं." मी काट्याची किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली. नोकरी होती ना.

मशीन काही सुरू होईना. हे जरा समजावून सांगतो. असलं मशीन बटण दाबलं की लगेच कामाला लागत नाही. ते आधी स्वतःला जागं करतं. दिवा लागतो, मग पडद्यावर आकडे मोजले जातात, आतली चकती फिरायला लागते, "बूट" असं लिहून येतं, मग ठिपके पडत जातात, आणि सगळं सुरळीत झालं तर शेवटी ते तुमचं नाव विचारतं. ह्याला साहेब मशीन बूट होणं म्हणायचे. साहेबांनी फ्लॉप्यांचा गठ्ठा एकामागून एक घालून युनिक्स आत चढवलं होतं. चढताना कुरकुर नाही. पण नंतर मशीन बंद करून परत चालू केलं की अर्ध्या वाटेत मरायचं.

"कुठवर आलं?" साहेब पाठ करून विचारायचे. पडद्याकडं बघायचे नाहीत. मी बघून सांगायचं, असा नेम.

"बंद पडलं, साहेब."

"बंद पडलं हे तुझं मत झालं. मी मत मागितलं का?"

"आकडे मोजले. चकतीचा आवाज आला. ठिपके आले. ठिपक्यावर थांबलं."

"हां. आता कसं माणसासारखं बोललास."

दुसरा नेम म्हणजे एका वेळी एकच बदल. वायर बदलली तर कार्डाला हात लावायचा नाही. कार्ड काढलं तर वायरीकडं बघायचं नाही. "दोन गोष्टी एकदम केल्या आणि चालू झालं, तर कशानं झालं ते मरेपतूर कळत न्हाय," असं ते म्हणत. ह्याच न्यायानं त्यांनी स्वतःच्या पित्ताचा शोध लावायला घेतला. कॉलनीच्या मेसमध्ये आधी नुसती भाकरी, मग काही दिवस नुसतं वरण, मग नुसती मिरची. मिरचीच्या दिवसांत त्यांच्या आसपास जायची कुणाची छाती नव्हती. शेवटी निघालं काय, तर मेसवाल्याचा चहा. त्या मेसवाल्याला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा चहा दोषी हाय, भाजी निर्दोष हाय." मेसवाल्यानं भाजीबद्दलही आभार मानले नाहीत.

खोलीत चपला चालायच्या नाहीत, धूळ जाते म्हणून. त्यामुळं दाराबाहेर चपलांची रांग लागायची, आणि येणारीजाणारी शेतकरी माणसं बाहेरूनच हात जोडून पुढं जायची. ह्याचा कळस खंडेनवमीला झाला. कारखान्यात त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा. कानशीपासून क्रेनपर्यंत कशालाच सोडत नाहीत. स्टोअरकीपर मोठा भाविक. साहेब जेवायला गेले तेवढ्यात त्यानं खोलीत जाऊन मशीनला हार घातला, नारळ फोडला आणि फ्लॉप्या ओळीनं मांडून प्रत्येकीला हळदकुंकू वाहिलं. फ्लॉपीच्या कव्हराला एक उघडी खाच असते, आतली काळी चकती तिथून दिसते. त्याला वाटलं हा देवाचा डोळा. त्यानं नेमकं तिथंच बोट दाबून कुंकू लावलं.

साहेब आले. बघितलं. मला वाटलं आता हा माणूस स्टोअरकीपरचा गळा धरतोय. पण ते खाली फरशीवर बसले आणि एकेक फ्लॉपी हातात घेऊन फुंकत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, हे मी बघितलेलं सांगतो, मत सांगत नाही. कंपनीकडून नवा गठ्ठा येईपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात त्यांनी स्टोअरकीपरला एक शब्द बोलून दाखवला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्यानं बिचाऱ्यानं जे त्याला सगळ्यात मोठं वाटतं तेच दिलं की. नासवायला नव्हता आला." नासवायला येणारी माणसं वेगळी असतात, हे त्यांना तेव्हा नीट माहीत नव्हतं.

नव्या फ्लॉप्यांनीही तेच. पण आता साहेबांच्या एक गोष्ट लक्षात आली. मशीन रोज एकाच जागी मरत नव्हतं. आज ठिपक्यांवर, उद्या आकड्यांवर, परवा नाव विचारायच्या तोंडाशी येऊन. "रोज एकाच ठिकाणी मेलं असतं तर रोग मशीनचा," ते म्हणाले. "रोज नव्या ठिकाणी मरायलंय. रोग भवतालचा हाय."

मग त्यांनी बल्बचा होल्डर घेतला. एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब लख्ख पेटायला पाहिजे. पेटला तो नुसता लालसर, विझायला आलेल्या निखाऱ्यासारखा. साहेब ओरडतच बाहेर पळाले, अनवाणी. ऑफिसच्या मागं अर्थिंगचा खड्डा होता. खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरून वर कोळसा आणि मीठ घालतात, आणि तो खड्डा ओला ठेवावा लागतो. ओल असली तर वाकडीतिकडी वीज गुमान जमिनीत जाते, नसली तर मशीनमध्येच घुटमळते. त्या वर्षी जमिनीत ओल कुठली? खड्ड्यात बघितलं तर माती भाजलेली, हात घातला की भुगा.

पाणी आणायचं कुठून? कॉलनीला टँकर, गावाला टँकर, आणि सगळ्यात शेवटी आमच्या वस्तीला टँकर. आमची वस्ती कारखान्याच्या कुंपणाला लागूनच. माझ्या आज्यानं दीक्षा घेतली, बापानं कारखान्याचा शेअर घेतला, मी नोकरी घेतली, पण टँकरचा नंबर काही पुढं सरकला नाही. साहेबांनी कुणाकडं पाणी मागितलं नाही. घरी परातीत उभं राहून अंघोळ केली, ते साबणाचं पाणी बादलीत भरलं, वर मूठभर मीठ टाकलं आणि बादली घेऊन भर दुपारी कॉलनीतून चालत आले. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाणी खड्ड्यात ओतलं, मुरू दिलं, मला म्हणाले, "लाव."

दिवा. आकडे. चकती. बूट. ठिपके. आणि मशीननं नाव विचारलं.

मी ओरडलो, "साहेब, नाव विचारायलंय!" ते पाठ करूनच उभे होते. म्हणाले, "मग सांग की. तुझं सांग." त्या मशीनमध्ये पहिलं नाव माझं गेलं. माझ्या आडनावासकट. कारखान्यात कुठंतरी पहिलं नाव माझं लागलं, असं ते एकदाच घडलं.

त्यानंतर रोज अंघोळीची एक बादली त्या खड्ड्यात जाई आणि मशीन रोज सुरळीत उठे. लोक म्हणायचे, साहेब मशीनला स्वतःच्या अंगाचं पाणी पाजतो. म्हणोत. आम्ही दोघं नोंदी भरत होतो, कुणाचा ऊस कधी लावला, किती लावला.

ह्या नोंदींत काय होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऊस लावला की तो वेळेत तुटायला पाहिजे. आधी लागण, आधी तोड, असा कागदावरचा नियम. पण तोडणीच्या टोळ्या आधी जायच्या संचालकांच्या भावकीत, मग त्यांच्या सोयऱ्यांत, मग ज्यानं शेतकी अधिकाऱ्याला खूश ठेवलं त्याच्याकडं. आमच्या वस्तीतल्या सात-आठ घरांचा मिळून थोडका ऊस, त्यातला दीड एकर आमचा. आमच्याकडं टोळी यायची उन्हाळ्यात, उसाला तुरे येऊन तो आतून पोकळ झाल्यावर. एरवी निदान काहीतरी हातात पडायचं. त्या वर्षी विहिरी आटलेल्या. पहिल्या फेरीत तोड आली नाही तर ऊस उभा जळणार, हे शेंबड्या पोराला कळत होतं.

साहेबांनी हे मशीन कशाला पाहिजे ते संचालकांच्या बैठकीत सांगितलं. मी कागद धरायला मागं उभा होतो. "लागणीच्या तारखेप्रमाणं तोडीची यादी निघंल. मधी कुणी घुसणार न्हाय. एकदा आत गेलं की मला बी बदलता येणार न्हाय, आणि चेअरमनसाहेब, तुमाला बी न्हाय." हे ते हसून सांगत होते. त्यांना वाटत होतं आपण आनंदाची बातमी देतोय. पन्नाशीला आलेला माणूस, एवढा शिकलेला, आणि इतका खुळा! चेअरमन म्हणाला, "वा, वा, फारच छान." शेतकी अधिकाऱ्यानं समोरचा चहा तसाच ठेवला.

दोन दिवसांनी शेतकी अधिकारी स्वतः खोलीत आला. चप्पल काढून आला, विशेष म्हणजे. "साहेब, तुमाला अंघोळीचं पाणी वापरावं लागतंय, हे आम्हाला शोभत न्हाय. चेअरमनसाहेबांनी खास सांगितलंय. मशीनला पाण्याची अडचण येऊ द्यायची न्हाय."

"बादलीभर पुरतंय हो. घाण पाणी चालतंय," साहेब म्हणाले.

"न्हाय न्हाय. चांगलं पाणी द्यायचं."

दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीचा टँकर वस्तीवर आलाच नाही. तो कुंपणाच्या आत वळला आणि ऑफिसच्या मागं थांबला. पिंपं मांडलेली होती. पिंपांवर रंगानं लिहिलं होतं, "संगणकासाठी पाणी". रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. दोन मजूर पिंपातून बादल्या भरून अर्थिंगच्या खड्ड्यात ओतत होते, ओतत होते, आणि खड्ड्यातून ओघळ वाहत रस्त्याला लागला होता. साहेब तालुक्याला गेले होते. तो दिवस नेमका बघून निवडला होता. मी मजुरांना थांबवायला गेलो तर म्हणाले, "आम्हाला वरून सांगितलंय. तू कोण?"

दुपारी साहेब परतले तेव्हा वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ऑफिससमोर उभ्या होत्या. सगळ्यात पुढं माझी माय.

"साहेब," माय म्हणाली, "तुमचं मशीन काय पितंय ओ एवढं?"

साहेबांना काही कळेना. सवयीनं तोंडातून तेच निघालं. "टँकर कुठवर आला होता?"

"तुमच्यापतूर आला. आमच्यापतूर न्हाय आला. अंघोळीचं पाणी घालायलाव म्हणून आम्ही हसायलो होतो. आता आमच्या लेकरांच्या तोंडचं घालायलाव व्हय?"

मी मधे पडलो. "माय, ह्यांनी न्हाय मागितलं. आणि हे मशीन चाललं तर आपली तोड आधी येतीय. आपल्यासाठीच चाललंय हे."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी आता तिचा राहिलोच नाही. "ऊस कवा तुटायचा तवा तुटंल. घरात प्यायला थेंब न्हाय, अन् तू मला यादी सांगतूस?"

ती खरं तेच बोलत होती. त्यांनी डाव असा टाकला होता की आमची तहान आमच्याच उसावर उठावी. मागं व्हरांड्यात शेतकी अधिकारी उभा होता, तोंडावर सगळं दुःख आणून. "बघा साहेब, लोकांच्या भावना तीव्र हायत. आम्ही तरी काय करणार?" हरामखोर! हा शब्द मी तेव्हा गिळला, आज लिहितो.

पिंपात उरलेलं पाणी साहेबांनी स्वतःच्या हातानं घागरींत भरून दिलं. शर्ट भिजला. आमच्या मायच्या घागरीला हात लावताना ते म्हणाले, "मावशी, मी एकच बादली मागितली होती. ती बी वापरलेली." मायनं घागर उचलली आणि गेली.

ते तरी पुरायला पाहिजे होतं की नाही? नाही पुरलं. संचालक मंडळानं ठराव केला, दुष्काळात मशीनला पाणी घालणं हा जनतेचा अपमान आहे. लोकांच्या मागणीवरून, असं त्यात लिहिलं. त्या खड्ड्यावर सिमेंटचा थर टाकला. नवा खड्डा खणायला परवानगी नाही. मिलच्या अर्थिंगला वायर जोडायची तर इंजिनिअरची सही पाहिजे, आणि इंजिनिअर सही करायच्या आधी चेअरमनच्या बंगल्यावर फोन करायचा. सिमेंट ओलं होतं तेव्हा साहेब शेजारी उभे राहून बघत होते. आपण कशाचा खड्डा बुजवतोय हे गवंड्याला माहीतही नसावं. तो आपला थापी मारून गुळगुळीत करत होता, काम चांगलं व्हावं म्हणून.

मशीन परत मरायला लागलं. आज इथं, उद्या तिथं. साहेबांनी मला "कुठवर" विचारणं सोडून दिलं. ते खुर्चीवर बसून राहायचे. एकदा मीच सांगितलं, "साहेब, ठिपक्यांपर्यंत आलंय." ते म्हणाले, "माहीत हाय. पुढं येऊ देणार न्हाईत." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं मत.

त्या वर्षी गळीत उशिरा सुरू झालं, त्याच्या आधीच साहेबांना कमी केलं. कारण दिलं, मशीन चालवता आलं नाही. तोडीची यादी शेतकी खात्यानं हातानं लिहिली. आमची वस्ती शेवटच्या पानावर. वडील रोज बांधावर जाऊन बसायचे. पानं आधी पिवळी पडली, मग कडक झाली, मग वाऱ्यावर खडखड वाजायला लागली. टोळी आलीच नाही. शेवटी तो ऊस जनावरांच्या छावणीला वैरण म्हणून गेला, आणि छावणी होती चेअरमनच्या मेहुण्याची. वडील त्या दिवसापासून कारखान्याच्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. लांबच्या वाटेनं जायचे, मरेपर्यंत.

पुढं एकदा मुरुमला बाजाराच्या दिवशी साहेब दिसले. विजेच्या मोटारी रिवाइंड करायचं छोटं दुकान टाकलं होतं. ओळखलं, बसवलं, चहा नाही, पाणी दिलं. इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. एकदम विचारलं, "तुमच्या उसाचं काय झालं?"

मी सांगितलं.

त्यांनी हातातली तांब्याची तार रिळावर गुंडाळून संपवली. मग म्हणाले, "बैठकीत सांगायलाच नको होतं मी. आधी यादी काढायची, मग सांगायचं. मशीन बी उठवलं आणि सांगून बी टाकलं, मीच एका वेळी दोन गोष्टी केल्या." मला त्यांचा राग आला. अहो, त्यांनी तुमचं मशीन पुरलं, आमचा ऊस जाळला, आणि तुम्ही अजून स्वतःच्यातच चूक शोधताय? पण हे मी बोललो नाही. जयभीम घातला आणि उठलो. त्यांनीही उठून, हात जोडून जयभीम म्हटलं. दोनचार वर्षांत ते गेल्याचं कुणीतरी एसटीत सांगितलं.

आता कारखान्यात सगळं मशीनवरच आहे. भक्कम अर्थिंग आहे, बॅटऱ्या आहेत, थंड खोली आहे. एक दिवससुद्धा काही अडत नाही. संचालक मंडळ बदललं, चेअरमनचा पोरगा चेअरमन झाला, आणि मशीन अडवायची कुणालाच गरज उरली नाही. मी रिटायर झालो, बापाच्या दीड एकरात ऊस लावतो. गेल्या हंगामात आजूबाजूला सगळीकडं टोळ्या फिरायला लागल्या, माझ्याकडं कुणी येईना, म्हणून चौकशीला गेलो. खिडकीत एक मुलगी बसली होती, नम्र, चांगली शिकलेली. तिनं माझं नाव घातलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. मी ऊस लावला त्यापेक्षा तीन महिने उशिराची तारीख तिथं होती.

मी म्हटलं, "बाई, ऊस मी लावलाय. माझ्या हातानं लावलाय. ही तारीख चुकीची हाय."

ती जराशी हसली. म्हातारी माणसं विसरतात, ह्याची सवय असल्यासारखी. "काका, यादी मशीननं काढलीय. मशीन कशाला खोटं बोलंल?"

आणि मशीन तर अगदी व्यवस्थित चालू होतं.